विश्लेषण : जंगलातील किती झाडे तोडायची, हे ठरते कसे?

बाळकुम ते गायमुख किनारी मार्गाचा विषय निघाला की ठाणेकरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, झाडे किती जाणार? त्यावर कुणीतरी हमखास विचारतो, वनखातेही जंगल तोडून लाकूड विकतेच ना, मग इथेच ओरड का? प्रश्न रास्त आहे. पण दोन्हीकडचा हिशेब वेगळा आहे.

तोडीचा हिशेब काय असतो?

वनविभागाची साधारण दहा वर्षांची ‘कार्य आयोजना’ असते. झाडांची मोजणी, वाढीचा वेग आणि कोणत्या वर्षी कुठल्या ‘कूपा’त तोड करायची, हे तिच्यात ठरते. तत्त्व मुदत ठेवीचे : व्याज खा, मुद्दलाला हात लावू नका. समजा, सागाची ६०० हेक्टर लागवड आहे आणि साग ६० वर्षांनी तोडायचा आहे. मग वर्षाला दहाच हेक्टर तोडता येतात. शेवटचा तुकडा तुटेपर्यंत पहिल्या तुकड्यातला साग पुन्हा तोडीला येतो. मिश्र जंगलात असे सरळ तुकडे पाडता येत नाहीत. तिथे ठरावीक घेरावरचीच झाडे निवडतात. घेर मोजायचा तो जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर.

ही पद्धत आली कुठून?

ब्रह्मदेशातून. १८५६ मध्ये पेगूच्या सागवनांचा कारभार डिट्रिच ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आला. हत्तीवरून जंगलात फिरताना ते झाडांची घेरानुसार नोंद बांबूच्या तुकड्यांवर चाकूने खाचा पाडून ठेवत. मोठ्या घेराच्या गटात वर्षाला जितकी झाडे नव्याने येतील, तितकीच मोठी झाडे तोडायची, हा त्यांचा नियम. १८६४ मध्ये ते देशाचे पहिले वनमहानिरीक्षक झाले.

ठाण्याला मात्र वनखात्याचे नियम जाचक वाटले. भाताच्या राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधने आली आणि ठाणे-कुलाब्यातील असंतोष इतका वाढला, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. मर्यादा कुणासाठी, हा वाद तेव्हापासूनचा!

मर्यादा मोडली तर?

आपल्याकडे गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी आदेश दिला, की केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेखेरीज जंगलात तोड करता येणार नाही.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ९० टक्क्यांहून अधिक जंगल सरकारी आहे. तिथे तोडीची वार्षिक मर्यादा मुख्य वनाधिकारी दर दहा वर्षांत किमान एकदा नव्याने ठरवतो. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या पाइनची झाडे भुंग्यांनी पोखरली. मेलेले लाकूड कुजण्याआधी विकले जावे म्हणून मर्यादा वाढवली गेली. ते लाकूड सरल्यावर ती खाली आणावी लागली आणि अनेक सॉ मिल बंद पडल्या.

मग बाळकुमचे काय?

कूपातल्या तोडीनंतर जमीन जंगलाचीच राहते. रस्त्याखाली गेलेल्या जमिनीवर पुन्हा झाड येत नाही, त्यामुळे ‘व्याज-मुद्दल’ हिशेब इथे लागूच होत नाही. खारफुटीला तर २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाचे संरक्षण आहे. सार्वजनिक प्रकल्पासाठीही ती तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते. राहते ती भरपाईची लागवड. ती कुठे होणार, खाडीकाठीच की दूर डोंगरात, आणि पाच वर्षांनी त्यातली किती रोपे जगली हे कोण मोजणार, एवढे तरी ठाणेकरांनी प्रत्येक प्रस्तावात शोधावे. रोपांचा आकडा सगळ्याच कागदांवर मोठा असतो.