सासूबाईंच्या 'अगं'ची सरगम

माळा आवरताना दिरांनी दुबईहून आणलेला कॅसिओ एसके-१ सापडला. ऐंशीच्या दशकातलं मॉडेल, ३२ चिमुकल्या पट्ट्या. पाच पेन्सिल सेल घातले आणि सुरू! याला माइकही आहे. सॅम्पलिंगचं बटण दाबून बोलायचं, जेमतेम १.४ सेकंद आवाज साठतो. मग प्रत्येक पट्टीवर तोच आवाज, वेगळ्या सुरात!

मामंजी गेल्यापासून सासूबाई अबोल झालेल्या. त्यांच्या 'अगं'ची मी सरगम वाजवली, तर खळखळून हसल्या! रात्री कीबोर्ड बंद केला, सकाळी आवाज गायब. बंद केला की तो पुसला जातो, हे मला कुठे ठाऊक? रडूच आलं.

"त्यात काय, पुन्हा म्हणते की!" त्या म्हणाल्या.

मैत्रिणींनो, या वेळी मोबाइलवरही घेऊन ठेवलाय हं!