मिठाच्या उतरंडीत कोंडलेले ऊन

साधे तळे दिवसभर तापते आणि रात्रीतून निवते. तळाशी तापलेले पाणी हलके होऊन वर येते व आपली उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन करते. पण मिठाने ते इतके जड झाले, की तापूनही त्यास वर येता येऊ नये, तर? ट्रान्सिल्व्हानियातील मेद्वे ह्या खाऱ्या सरोवरात निसर्गाने हा प्रयोग करूनच ठेवला होता. उन्हाळ्याच्या अखेरीस तेथे सव्वा मीटरच्या आसपास खोलीवर ७० अंश सेल्सिअस तापमान आढळल्याची नोंद कालेचिन्स्की ह्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी केली.

मनुष्याने बांधलेले सौर तळे हे घरातील उतरंडीसारखे असते. सर्वांत जड मडके तळाशी, हलके माथ्यावर. तळाशी दाट खारे पाणी, वर जवळजवळ गोडे, आणि मध्ये सुमारे मीटरभर जाडीचा असा थर, की ज्यात खोलीबरोबर खारेपणा वाढत जातो. हा मधला थर प्रकाशाला वाट देतो. पण त्यातील पाणी वर-खाली फिरत नाही. पारदर्शक गोधडीच म्हणा ना!

ही गोधडी किती जाड असावी? जाड केली तर उष्णता कोंडते, परंतु प्रकाशही वाटेतच अडतो. तळे पुरते तापावयास काही महिने लागत असल्याने खणून पाहून ठरविणे परवडत नाही. ते आधी कागदावर तापवावे लागते. १९६४ साली वाइनबर्गर ह्यांनी त्याचे भौतिक गणित मांडले. पुढे १९७५ साली राब्ल व नील्सन ह्यांनी प्रकाशाचा हिशेब सोपा केला. तांबड्यापलीकडील बरेचसे अदृश्य किरण पृष्ठभागाजवळच विरतात. उरलेल्या प्रकाशाचे त्यांनी चार हिस्से करून प्रत्येकास पाण्यात विरण्याचा वेगळा दर दिला. आज संगणक तळ्याचे पातळ काप कल्पून प्रत्येकाचा जमाखर्च लिहितो.

तो जमाखर्च ढोबळ मानाने आपणही करू शकतो. समजा, वर्षाच्या सरासरीने चौरस मीटरवर २२० वॅट ऊन पडते. पाणी नितळ असेल तर गोधडीखाली त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ७० वॅट पोहोचतो. वरच्या व खालच्या पाण्यात ५० अंशांचा फरक असेल, तर मीटरभर थरातून सुमारे ३० वॅट हळूहळू निसटतात. उरले ४०. त्यातही जमिनीचा वाटा आहेच. कोरडी माती एकदा तापली की स्वतःच कोठार बनते. पण खालून भूजल वाहत असेल तर ते उष्णता घेऊन जाते.

कच्छमधील भुज येथे ६,००० चौरस मीटरचे असे तळे बांधण्यात आले होते. १९९३ पासून काही वर्षे त्याने तेथील दुग्धालयास गरम पाणी पुरविले. अशा उघड्या तळ्यात धूळ उडून पडते, शेवाळ धरते. समीकरणातला पाण्याच्या नितळपणाचा आकडा म्हणूनच सर्वांत दगाबाज. तो थोडा घसरला, तर वरच्या हिशेबातील ७० चे ५० होतात आणि शिल्लक निम्म्यावर येते.

शिवाय मीठही स्वस्थ बसत नाही; ते कणाकणाने वर झिरपत राहते. तळाशी दाट खारे पाणी घालावे लागते, माथा कमी खाऱ्या पाण्याने धुवावा लागतो आणि वाफ होऊन गेलेले भरून काढावे लागते. समुद्रकिनारी ह्या कामी समुद्राचे पाणी चालते. आतल्या प्रदेशात मात्र जेथे ऊन उदंड, तेथे बहुधा गोडे पाणी दुर्मिळ. तेव्हा तळे खणण्यापूर्वी उष्णतेच्या वहीशेजारी पाण्याचीही वही मांडावी लागते.