ओव्हरस्कॅन

ओव्हरस्कॅन म्हणजे दूरचित्रवाणी संचाने आलेले चित्र किंचित मोठे करून त्याच्या चारही कडांचा थोडा भाग पडद्याबाहेर ठेवणे होय. चित्रपट पाहताना ही काटछाट सहसा जाणवत नाही. मात्र लिनक्स प्रणालीचा संगणक होम थिएटर म्हणून संचाला जोडल्यास खालची कार्यपट्टी, वरचा मेनू, खिडकी बंद करण्याचे बटण असे काठावरचे घटक दिसेनासे होतात.

उगम

कॅथोड किरण नलिकेच्या संचांमध्ये विद्युतदाबातील चढउतार आणि जुने होत जाणारे सुटे भाग यांमुळे चित्राचा आकार कमीजास्त होत असे. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून उत्पादक चित्र मुद्दाम पडद्यापेक्षा मोठे ठेवत. त्यामुळे महत्त्वाचा मजकूर कडांपासून आत, ‘सुरक्षित क्षेत्रात’ ठेवण्याचा प्रघात प्रसारणात पडला. सपाट पडद्यांना याची गरज नाही; तरीही अनेक संचांत ओव्हरस्कॅन मूळ मांडणीतच चालू असतो.

परिणाम

प्रत्येक बाजूने २.५ टक्के भाग कापला गेल्यास १९२० × १०८० पिक्सेलच्या चित्रातून डावी-उजवीकडे प्रत्येकी ४८ आणि वर-खाली प्रत्येकी २७ पिक्सेल जातात. १८२४ × १०२६ पिक्सेल उरतात. उरलेला भाग पूर्ण पडद्यावर ताणला जात असल्याने बारीक अक्षरे धूसर होतात.

निदान

चुकीचे रिझोल्यूशन ही याहून वेगळी अडचण आहे. संच आपली क्षमता ‘ईडीआयडी’ या माहितीद्वारे संगणकाला कळवतो. ती न मिळाल्यास संगणक १०२४ × ७६८ सारखे कमी रिझोल्यूशन निवडू शकतो. एक्स विंडो प्रणालीत ‘एक्सरँडआर’ ही आज्ञा चालू रिझोल्यूशन दाखवते. ते पडद्याच्या मूळ रिझोल्यूशनइतकेच असूनही कडा कापल्या जात असतील, तर कारण बहुधा ओव्हरस्कॅन असते. अशा वेळी रिझोल्यूशन कमी करून उपयोग होत नाही, कारण संच नव्या चित्राचाही तेवढाच टक्का कापतो.

उपाय

प्रथम संचाच्या चित्र-आकाराच्या मेनूत ओव्हरस्कॅन बंद करावा. हा पर्याय ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ किंवा ‘डॉट बाय डॉट’ अशा नावांनी आढळतो. काही संचांत एचडीएमआय जोडणीला ‘पीसी’ असे नाव दिल्यानेही काटछाट थांबते.

संचात अशी सोय नसल्यास संगणकाकडून चित्र लहान करून पाठवता येते. यास अंडरस्कॅन म्हणतात. एएमडी चित्रपत्रांच्या मुक्त ड्रायव्हरमध्ये एक्सरँडआरद्वारे ‘अंडरस्कॅन’ हा गुणधर्म चालू करून आडवा व उभा समास ठरवता येतो. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये ‘व्ह्यूपोर्ट’चे माप बदलतात. कोडी या माध्यम-प्रणालीत चित्राच्या कडा जुळवण्यासाठी कॅलिब्रेशनची सोय आहे. तिचा परिणाम कोडीपुरताच राहतो.

मर्यादा

एक्सरँडआरने केलेले बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाहीत. त्यामुळे ती आज्ञा लॉगिनच्या वेळी आपोआप चालेल अशी व्यवस्था करावी लागते. वेलँड प्रणालीत ही आज्ञा अशा बदलांसाठी चालत नाही. तेथे डेस्कटॉपच्या स्वतःच्या मांडणीवर अवलंबून राहावे लागते. शिवाय अंडरस्कॅनमध्ये संगणक चित्र लहान करतो आणि संच ते पुन्हा मोठे करतो. या दुहेरी बदलात स्पष्टता घटते, म्हणून संचातच ओव्हरस्कॅन बंद करणे श्रेयस्कर ठरते.