सदतीस गुणांची पारख

पेरुंगुडीच्या आयटी कंपन्यांत पुण्या-कोल्हापूरकडची बरीच मंडळी आहेत. त्यांतल्या फुटबॉलवेड्यांना, विशेषतः पेठांच्या तालमींचे सामने बघत वाढलेल्या कोल्हापूरकरांना, वर्षा-दोन वर्षांत चेन्नईयिन एफसी हा आपला संघ वाटू लागतो. पेरुंगुडी स्टेशनवर एमआरटीएसची गाडी पकडायची आणि पार्क टाउनला उतरायचं, की जवळच जवाहरलाल नेहरू स्टेडियम. तिथे २०१९ च्या डिसेंबरात ओवेन कॉयल नावाचा स्कॉटिश प्रशिक्षक आला. आधीचे प्रशिक्षक जॉन ग्रेगरी पायउतार झाले, तेव्हा सहा सामन्यांत एकच विजय पदरात होता. कॉयल यांनी तोच संघ चौथ्या क्रमांकावर आणला, उपांत्य फेरीच्या दोन सामन्यांत मिळून एफसी गोवाला ६–५ असं हरवलं आणि १४ मार्च २०२० रोजी फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये अंतिम सामना खेळवला. एटीकेने तो ३–१ असा जिंकला. त्याच वर्षी कॉयल जमशेदपूरला गेले, आणि आमच्यात वाद सुरू झाला: हा माणूस खरंच इतका चांगला आहे, की त्या बारा-पंधरा सामन्यांत सगळंच जुळून आलं?

जगभरातल्या मोठ्या क्लबांचे संचालक दर उन्हाळ्यात याच प्रश्नाशी झगडतात. लहान क्लबला त्याच्या ऐपतीपेक्षा वर नेणारा प्रशिक्षक मोठ्या क्लबला चालेल का? पारखायची एक रीत आहे, आणि ती दाखवायला प्रशिक्षक खालिद जमील यांच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला आपल्याकडे दिसत नाही.

पहिलं काम म्हणजे ऐपत ठरवणं. ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ म्हणताना अपेक्षा किती होती, हे आधी सांगता आलं पाहिजे. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी ‘सॉकरनॉमिक्स’मध्ये दाखवलं, की बरीच वर्षं एकत्र धरली तर इंग्लंडमधल्या क्लबचं गुणतालिकेतलं स्थान मुख्यतः त्याच्या पगारखर्चावरून कळतं. जो प्रशिक्षक वर्षानुवर्षं पगाराच्या क्रमांकापेक्षा वरचा क्रमांक मिळवतो, त्याच्यात काहीतरी आहे. भारतात पगाराचे आकडे सहसा बाहेर येत नाहीत, त्यामुळे आडवाटेने जावं लागतं: मागच्या मोसमात संघ कुठे होता, भारताकडून खेळलेले किती खेळाडू त्याच्याकडे आहेत, परदेशी खेळाडू कोणत्या क्लबांतून आले.

जमील २००९ ते २०१६ मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. कूपरेजवर खेळणारा, बेताच्या पैशांचा हा संघ त्यांनी सात वर्षं आय-लीगमध्ये टिकवून ठेवला. २०१६ मध्ये क्लबने त्यांना सोडलं आणि ते ऐझॉलला गेले. ऐझॉल एफसी २०१५-१६ मध्ये नऊ संघांत आठवा आला होता. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, पण त्याला पदावनतीतून सूट होती, म्हणून खाली गेला ऐझॉल. पुढे गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत घेण्यात आलं. म्हणजे या संघाकडून अपेक्षा होती ती लीगमध्ये टिकून राहण्याची. २०१७ च्या ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध पिछाडीवरून १–१ अशी बरोबरी साधून त्याने आय-लीग जिंकली. ऐझॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६.

दुसरं काम अधिक अवघड, आणि बहुतेक जण ते टाळतात. यातलं नशीब किती?

हे मोजता येतं. फुटबॉलच्या एका सामन्यात तीन, एक किंवा शून्य गुण मिळतात. मध्यम संघ साधारण चाळीस टक्के सामने जिंकतो, पंचवीस टक्के बरोबरीत सोडवतो आणि उरलेले हरतो असं धरलं, तर एका सामन्यातला गुणांचा चढउतार, संख्याशास्त्राच्या भाषेत प्रमाण विचलन, सुमारे १.३ येतो. अठरा सामन्यांच्या मोसमासाठी त्याला १८ च्या वर्गमुळाने गुणलं की साडेपाच. याचा अर्थ, संघाची कुवत तसूभरही न बदलता केवळ चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, यावर मोसमाचे गुण पाच-सहाने इकडेतिकडे होऊ शकतात. बारा सामन्यांसाठी हाच आकडा साडेचारच्या आसपास येतो. एका गुणाने मिळालेलं विजेतेपद आणि एका गुणाने हुकलेलं विजेतेपद यांत प्रशिक्षकाच्या गुणवत्तेचा फरक जवळजवळ नसतो. तरी पहिला प्रशिक्षक मोठ्या क्लबच्या यादीत जातो आणि दुसरा नाही.

याचा अर्थ ऐझॉलचं यश नशिबाचं होतं असा मात्र नाही. टिकून राहायला लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त गुण त्यांनी मिळवले. एवढी उडी पाच-सहा गुणांच्या चढउताराने समजावता येत नाही. विजेतेपदातला शेवटचा एक गुण नशिबाचा म्हणा हवं तर, पण वरच्या चारांत येण्यामागे माणसाचं काम होतं.

ते काम नेमकं त्याच माणसाचं होतं का, हे तपासायला तो नसताना काय झालं ते बघायचं. जमील ऐझॉलला विजेतेपद देत होते त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगमधून बाहेर पडली, आणि तो क्लब पुन्हा उभा राहिला नाही. कॉयल यांच्या बाबतीतही अशा खुणा आहेत. २००९ मध्ये त्यांनी बर्नलीला ३३ वर्षांनी इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत नेलं, २०१० च्या जानेवारीत ते बोल्टनला गेले आणि त्या मोसमाअखेर बर्नली खाली आली. जमशेदपूरला त्यांनी २०२१-२२ मध्ये २० सामन्यांत ४३ गुणांसह लीग शील्ड मिळवून दिली. ते गेल्यावर पुढच्या मोसमात तो संघ दहावा आला. एकेक खूण स्वतंत्रपणे फार सांगत नाही, कारण प्रशिक्षकाबरोबर खेळाडूही जातात. पण दोन-तीन ठिकाणी तेच घडलं, तर मी ते गांभीर्याने घेतो.

खेळाडूंचा मुद्दा थोडा उलगडून बघायला हवा. ऐझॉलच्या त्या संघात मिझोरमची तरुण पोरं होती, शिवाय जमील यांना आधीपासून माहीत असलेली माणसं: मुंबई एफसीचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता. राणे तर आमच्या चेन्नईयिनचाही जुना खेळाडू. मध्यभागी सीरियाचा महमूद अल-अमना, गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स. दुसऱ्यांनी फार किंमत न दिलेल्या माणसांना योग्य जागी बसवणं, ही जमील यांची मोठी ताकद. पण ही ताकद मोठ्या क्लबात किती कामाला येते? तिथे खेळाडू निवडणारे अनेक असतात, आणि नावाजलेली माणसं आधीच करारावर बसलेली असतात. प्रशिक्षकाच्या यशातला किती वाटा बाजारातल्या नजरेचा आणि किती रोजच्या सरावाचा, हे वेगळं काढल्याशिवाय त्याला नेमू नये.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते सगळी पारख शेवटी इथेच येऊन थांबते.

लहान संघाला सामन्यात एक प्रश्न सोडवायचा असतो, मोठ्या संघाला दुसरा. लहान संघाकडे चेंडू कमी वेळ असतो. बचावफळी आणि मधली फळी जवळजवळ ठेवायची, जागा द्यायची नाही, चेंडू हिसकावला की समोरच्याची रचना विस्कटलेली असतानाच वेगाने पुढे जायचं, कॉर्नर आणि फ्री किकवर मेहनत घ्यायची. मोठ्या संघाविरुद्ध मात्र प्रतिस्पर्धी स्वतःच दहा माणसं मागे घेऊन उभा राहतो. पळायला मोकळी जागा नसते. आता तुम्हाला चेंडू खेळवत, माणसं हलवत फट तयार करायची असते, आणि ते करताना आपली पाठ उघडी पडणार नाही हेही सांभाळायचं असतं. पहिलं काम दहा वर्षं उत्तम केलं म्हणून दुसरं जमेल असं नाही.

डेव्हिड मॉयेस यांनी एव्हर्टनला अकरा वर्षं ऐपतीच्या वर ठेवलं आणि २०१३ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडला आले. २०१४ च्या फेब्रुवारीत तळाच्या फुलहॅमविरुद्ध त्यांच्या संघाने ८० हून अधिक क्रॉस टाकले. सामना २–२ बरोबरीत सुटला. फुलहॅमचे बचावपटू उभे राहून डोक्याने चेंडू परतवत होते, आणि युनायटेडला दुसरा रस्ता सापडत नव्हता. एप्रिलमध्ये मॉयेस यांची नोकरी गेली. त्याच वर्षी साउदॅम्प्टनहून टॉटनहॅमला गेलेले मॉरिसियो पोचेटिनो मात्र टिकले, आणि २०१९ मध्ये त्यांनी संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत नेला. साउदॅम्प्टनमध्येही ते मागे बसत नव्हते. पुढे जाऊन दबाव टाकत, चेंडू स्वतःकडे ठेवत. मोठ्या क्लबचं काम ते लहान क्लबात आधीच करत होते.

म्हणून लहान क्लबाच्या प्रशिक्षकाला जोखताना त्याने बलाढ्यांना हरवलेले सामने बाजूला ठेवावेत. ते सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण कामाचे असतात दुसरे: स्वतःपेक्षा दुबळा संघ घरच्या मैदानावर आला आणि बचावाला बसला, तेव्हा काय झालं? तासाभरानंतरही ०–० असताना त्याने काय बदललं? जिथे ‘एक्स्पेक्टेड गोल्स’चे, म्हणजे संधीच्या दर्जावरून अपेक्षित गोलांचे आकडे मिळतात, तिथे एवढ्याच सामन्यांचे वेगळे काढावेत.

जमील २०१७ मध्ये ईस्ट बंगालला गेले, अल-अमनाला घेऊन. क्लबला २००३-०४ नंतर राष्ट्रीय लीग जिंकता आली नव्हती. मोसमाच्या शेवटच्या दिवशी चार संघ शर्यतीत होते, त्यात ईस्ट बंगालही. नेरोकाशी १–१ बरोबरी झाली आणि संघ ३१ गुणांवर चौथा राहिला. विजेत्या मिनर्व्हा पंजाबचे ३५. नेमणूक फसली असं कोलकात्यात ठरलं. पण वरचा हिशेब आठवा: ऐझॉलचे ३७ आणि ईस्ट बंगालचे ३१ यांतलं अंतर नशिबाच्या नेहमीच्या चढउताराएवढंच आहे. गुणांवरून जमील यांना अपयशी ठरवता येत नाही. त्यांना भोवलं ते वेगळंच. लीगमधल्या दोन्ही डर्बी मोहन बागानने जिंकल्या होत्या, आणि कोलकात्यात डर्बी हरलेल्या प्रशिक्षकाला बाकीच्या सामन्यांचं श्रेय मिळत नाही. ऐझॉलमध्ये बरोबरी ही कमाई होती, इथे ती तक्रार झाली.

क्लबचीही परीक्षा घ्यावी लागते ती यासाठी. ग्रॅहम पॉटर यांचा ब्रायटनमधला खेळ आकड्यांनी आणि डोळ्यांनी तपासला तरी मोठ्या क्लबाला साजेसा होता. २०२२ च्या सप्टेंबरात ते चेल्सीला गेले, जानेवारीत क्लबने खेळाडूंची रीघ लावली, ड्रेसिंग रूम भरून वाहू लागली आणि एप्रिलमध्ये पॉटर बाहेर पडले. तिथे दोष निवडीच्या पद्धतीत नव्हता, नेमणाऱ्याच्या घाईत होता.

जमील यांची पुढची वाटचाल मला या सगळ्यावर प्रकाश टाकणारी वाटते. मोहन बागानमध्ये थोडा काळ घालवल्यावर २०२१ मध्ये त्यांनी अर्ध्या मोसमात नॉर्थईस्ट युनायटेडला प्ले-ऑफमध्ये नेलं. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) हे करणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक. पुढचा पूर्ण मोसम मिळाला, तेव्हा तोच संघ अकरांत दहावा आला. मग जमशेदपूरला २०२४-२५ मध्ये पाचवा क्रमांक आणि उपांत्य फेरी. १ ऑगस्ट २०२५ रोजी ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. काफा नेशन्स कपमध्ये, मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नसतानाही, भारताने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरं स्थान मिळवलं. मग ऑक्टोबरात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १–२ आणि नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडून ०–१ असा पराभव. ओमानविरुद्ध भारत लहान संघ होता. सिंगापूर आणि बांगलादेशविरुद्ध जिंकण्याची अपेक्षा भारताकडून होती. एवढ्या थोड्या सामन्यांवर शिक्का मारणं चूक ठरेल, आणि राष्ट्रीय प्रशिक्षकाला सरावाचे दिवसही मोजकेच मिळतात. पण कुठे बघायचं, ते हे निकाल नीट दाखवतात.

कॉयल २०२३ मध्ये चेन्नईला परतले. पहिल्या मोसमात सहावा क्रमांक, दुसऱ्यात अकरावा. माणूस तोच, क्लब तोच. फक्त या वेळी वाल्स्किस आणि क्रिव्हेलारो या खेळाडूंची २०१९-२० ची जोडी नव्हती, आणि खेळाडूंचा वाटा वेगळा काढावा असं मी वर म्हटलं ते यासाठीच. २०२५ मध्ये चेन्नईयिनने गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडांना मुख्य प्रशिक्षक नेमलं. त्यांच्या नावावरचा ठळक पुरावा म्हणजे २०२३ च्या एप्रिलमध्ये हंगामी प्रशिक्षक म्हणून ओडिशा एफसीला जिंकून दिलेला सुपर कप: पाच सामने, आणि अंतिम फेरीत बंगळुरूवर २–१ विजय. पाच सामन्यांतून नशीब वेगळं काढता येत नाही. तिशीच्या आसपास सामने होईपर्यंत मी त्यांच्याबद्दल मत बनवणार नाही, आणि त्यांतलेही तळाचे संघ नेहरू स्टेडियमवर येऊन बचावाला बसतील तेच सामने आधी बघेन.