वाणसामान घरात पडते कितीला?

नीरा डाव्या कालव्याखालील बारामतीच्या बागायती गावांत ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा असतो. मीठमिरची मात्र रोज लागते. त्याच तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात संसार ज्वारीच्या सुगीवर व रोजगाराच्या आठवड्यावर चालतो. इंदापूर तालुक्यातही उजनीच्या पाण्यालगतची गावे व माळावरची गावे यांत असाच भेद आहे. हाती पैसा जसा येतो तशी खरेदीची रीत ठरते, आणि पुष्कळदा ती रीतच महाग पडते. याकरिता नुसता भाव न पाहता, खाण्याजोगा एक किलो जिन्नस घरात येऊन पडेपर्यंत एकूण किती खर्च झाला, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम उधारीचा विचार करू. समजा, रोखीने ४० रुपये किलोचा जिन्नस उधारीवर ४४ रुपयांनी मिळाला आणि पैसे चार महिन्यांनी चुकते झाले. चार रुपये क्षुल्लक वाटतात. परंतु चाळीसावर चार म्हणजे चार महिन्यांत दहा टक्के, अर्थात वर्षाला तीस टक्के व्याज झाले. बचत गटातून दरमहा शेकडा दोन दराने कर्ज काढून रोखीने माल घेतला, तरी तेवढ्याच काळात व्याज आठ टक्केच होते. गावचा दुकानदार अडीअडचणीला, रात्रीअपरात्रीही माल देतो, या सोयीचे मोल आहेच. ते किती द्यावयाचे, एवढे मात्र गिऱ्हाइकास ठाऊक असावे. उधारीच्या वहीत जिन्नस, वजन व दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. नुसती एकूण रक्कम लिहू देऊ नये.

आठवड्याच्या बाजारात माल स्वस्त मिळतो, पण तेथवर जाण्यास भाडे पडते. जाण्यायेण्यास ४० रुपये लागले आणि किलोमागे ३ रुपये वाचले, तर १४ किलोंपेक्षा कमी खरेदीत तोटाच होतो. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे. तेव्हा बाजार घरच्या बाईने केल्यास हिशेब बदलतो. अर्थात त्यापायी तिचा रोजगार बुडत असेल, तर तोही खर्चात धरला पाहिजे.

सुगीत वर्षाची ज्वारी भरून ठेवणे बहुधा फायद्याचे ठरते. धान्य दाताखाली कट्ट आवाज करून फुटेल इतके वाळलेले असावे. ओलसर माल कोठीत भरला की किडीने वाचलेला पैसा जातो. तुरीची गोष्ट निराळी. दहा किलो तुरीची सुमारे सात किलो डाळ उतरते. तूर १०० रुपये किलो व भरडाई ५० रुपये धरली, तर घरची डाळ १५० रुपये किलोने पडते. दुकानात याहून स्वस्त डाळ मिळत असल्यास घरी करण्यात लाभ नाही. ज्याच्या दावणीला जनावरे आहेत त्याने मात्र चुणीची किंमत या हिशेबातून वजा करावी.

तेलात फसगत फार होते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोंच्या आसपासच तेल असते. पंधरा किलोंचा डबा थोडा महाग दिसला तरी तो स्वस्त असू शकतो. शहरातील मोठ्या भांडारांत छापील किमतीवर सूट देतात. परंतु छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे, बाजारभाव नव्हे. सूट किती यापेक्षा किलोचा दर किती पडला, हे पाहावे. आवेष्टित मालासंबंधीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन वेष्टनावर प्रति ग्रॅम वा प्रति किलो दर छापण्याची तरतूद झाली आहे. लहान पुडीवरचा व मोठ्या पुड्यावरचा हा दर शेजारी ठेवून वाचला की पुडीचा मोह ओसरतो.

रेशनचे धान्य या तुलनेच्या बाहेरचेच आहे. अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य असून, १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ते आधी उचलावे व मगच उरलेली यादी करावी.

ग्रामसेवकांनी तेल, तूरडाळ, साखर, चहा व गहू या पाच जिन्नसांचे गावचे रोख, गावचे उधार व बाजाराचे दर पंचायतीच्या फळ्यावर दर आठवड्यास लिहावेत. साखरेपुढे, सभासदांना कारखान्याकडून सवलतीची साखर मिळत असल्यास, तो दरही लिहावा.