स्पीच थेरपीत डॉक्टरेट करावी का?

अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट व्हायला डॉक्टरेट लागत नाही. मास्टर्स, राष्ट्रीय परीक्षा आणि किमान 36 आठवड्यांची क्लिनिकल फेलोशिप झाली की ‘ॲशा’ या व्यावसायिक संघटनेचं प्रमाणपत्र मिळतं. गोंधळ होतो तो ऑडिऑलॉजीमुळे. तिथे 2012पासून प्रमाणपत्रासाठी डॉक्टरेट सक्तीची आहे. स्पीचमधली ‘एसएलपीडी’ मात्र ऐच्छिक. नावापुढे ‘डॉक्टर’ लागतं, पण परवाना तोच राहतो. फी बहुधा स्वतःच्याच खिशातून. पीएचडीला निदान विद्यावेतनाची शक्यता असते. संशोधन किंवा प्राध्यापकी करायची असेल तर पीएचडीच बघा. गिळण्याच्या विकारांसारख्या एखाद्या विषयात खोल उतरायचंय, विभाग सांभाळायचाय, तर एसएलपीडी उपयोगी पडू शकते. कर्ज काढण्याआधी मात्र एचआरला विचारा, या पदवीने पगार किती वाढेल? उत्तर ईमेलवरच मागा.