एका पापणीत ठाणे ते कल्याण

ठाण्याहून सुटलेली स्लो लोकल कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली करत कल्याणला पोचते, तेव्हा जवळपास अर्धा तास सरलेला असतो. अंतर साधारण २० किलोमीटर. नोव्हेंबरच्या मध्याला दिसणाऱ्या सिंह उल्कावर्षावातला कण सेकंदाला ७१ किलोमीटर वेगाने येतो. आपली पापणी एकदा लवते, तेवढ्यात तो ठाण्याहून कल्याणला पोचलेला असता.

एवढा वेग येतो कुठून? पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते. सिंह वर्षावाचे कण टेम्पल-टटल या धूमकेतूतून सुटलेले, आणि हा धूमकेतू पृथ्वीच्या उलट दिशेने सूर्याला फेरी घालतो. म्हणजे ही टक्कर जवळजवळ समोरासमोरची. पावसात स्कूटर चालवणाऱ्याला थेंब पाठीपेक्षा तोंडावर जास्त लागतात. तसंच मध्यरात्रीनंतर आपली बाजू पृथ्वीच्या धावेच्या दिशेला वळते, म्हणून उल्का पाहणारे लोक पहाटेपर्यंत जागतात.

या वेगाची ताकद पाहा. फक्त एक ग्रॅम वजनाचा असा कण घेतला, तर त्याच्यात सुमारे २५ लाख ज्यूल ऊर्जा असते. दीड टनाच्या बारा मोटारी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावताहेत, त्या बाराही जणींची गतिऊर्जा एकत्र केली तर साधारण एवढी भरते. आपल्याला दिसणाऱ्या बहुतेक उल्का यापेक्षा कितीतरी लहान, वाळूच्या कणाएवढ्या असतात. तरी शंभरेक किलोमीटर उंचीवर विरळ हवेत त्या पेटतात आणि जमिनीवर चटई टाकून पडलेल्या माणसाला साध्या डोळ्यांनी दिसतात.

आता काळाचा हिशोब. १९९८ च्या नोव्हेंबरात सिंह वर्षावाने खगोलशास्त्रज्ञांना चकवलं. अपेक्षित वेळेच्या सोळा-एक तास आधीच तेजस्वी अग्निगोलांची रांग लागली. पुढे गणितातून उलगडलं, की ही धूळ टेम्पल-टटलच्या १३३३ सालच्या फेरीत सुटलेली होती. १३३३, म्हणजे संत नामदेव हयात होते तो काळ! हा धूमकेतू ३३ वर्षांत एक फेरी करतो आणि लांब जातो तेव्हा युरेनसच्या कक्षेपर्यंत पोचतो. त्याच वाटेवरून ही धूळ ६६५ वर्षांत वीस फेऱ्या फिरली. एक फेरी सुमारे ७२० कोटी किलोमीटरची, म्हणजे एकूण प्रवास १४ हजार कोटी किलोमीटरच्या आसपास. पृथ्वी ते सूर्य अंतराच्या साडेनऊशे पटींहून जास्त. आणि शेवट? एखाद्या सेकंदात.

तो सेकंद पाहायला ठाणे-डोंबिवलीची माणसं कर्जतच्या गाडीत बसतात आणि बदलापूरच्या पुढच्या स्टेशनवर, वांगणीला उतरतात. हॅलेच्या धूमकेतूच्या १९८५-८६ च्या भेटीच्या काळात उभ्या राहिलेल्या मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीच्या रात्रभराच्या आकाशदर्शनाची सवय कित्येकांना लावली. दर ऑक्टोबरात दिसणारा मृग उल्कावर्षाव त्याच हॅलेच्या धुळीचा. हॅले स्वतः आता २०६१ साली येईल, पण त्याची धूळ दर वर्षी भेटते.

वांगणीच्या चटईवरून किती आकाश दिसतं? उल्का १०० किलोमीटर उंचीवर पेटली असं धरू. क्षितिजापासून अर्ध्या उंचीवर दिसणारी उल्का आग्नेयेला असली तर ती पुण्याच्या आसपास पेटलेली असते, उत्तरेला असली तर नाशिकच्या. आणखी खाली, ३० अंशांवर, साताऱ्याचं आकाश. २४ अंशांच्या आसपास पूर्वेला चमकली, तर ती छत्रपती संभाजीनगरावर. वांगणीपासून तिथपर्यंतच्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर त्याचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त भरतं. एका माणसाला ते एका वेळी पाहता येत नाही, म्हणून गटातले लोक दिशा वाटून घेतात. चौघे चार दिशांना तोंड करून पडले की निम्म्या महाराष्ट्राएवढ्या आकाशावर पहारा बसला.

यातलं काही आपल्या घरापर्यंतही येतं. पृथ्वीवर अवकाशातून रोज पडणाऱ्या धुळीचे अंदाज वेगवेगळे आहेत. दिवसाला ५० टन धरले, तर प्रत्येक चौरस किलोमीटरच्या वाट्याला वर्षाला सुमारे ३५ ग्रॅम येतात. ठाणे शहराला मिळून पाचेक किलो, कल्याण-डोंबिवलीलाही साधारण तेवढेच. कणकेच्या एका मोठ्या पिशवीएवढी ही धूळ आपल्या गच्च्यांवर, पत्र्यांवर, झाडांवर नकळत उतरत असते.

पण शहरातून ती पेटताना दिसणं अवघड झालंय, आणि याचंही गणित आहे. १३-१४ डिसेंबरच्या मिथुन वर्षावात संपूर्ण काळ्या आकाशाखाली, वर्षावाचा केंद्रबिंदू डोक्यावर असताना तासाला दीडशेच्या आसपास उल्का दिसू शकतात. आकाशात दिसणाऱ्या सर्वांत फिक्या ताऱ्याची प्रत (आकडा मोठा, तितका तारा फिका) एका आकड्याने घसरली, की हा आकडा अडीचपटीहून जास्त घटतो. ६.५ प्रतीऐवजी ५.५ पर्यंतचेच तारे दिसत असतील तर उरतात ५८. दिव्यांच्या झगमगाटात ३.५ वर आलो, तर उरतात आठ-नऊ. आकाशातून उल्का तेवढ्याच पडतात. दीडशेतल्या एकशेचाळीस आपण आपल्याच दिव्यांनी पुसून टाकतो.

म्हणून तर हौशी निरीक्षकाच्या वहीला मोल आहे. लाल कागद लावलेली बॅटरी, कानटोपी, थर्मासमधला चहा, आणि पानावर वेळ, तेज, कोणत्या वर्षावातली. ढग किती, सर्वांत फिका तारा कुठला दिसतो, हेही लिहायचं. तासाभरात एकही दिसली नाही तर शून्य लिहायचं, कारण ते शून्यही मोजलेलंच असतं. १९८८ पासून आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरच्या अशाच नोंदी गोळा करते. धुळीचा कुठला पट्टा किती दाट आहे, हे त्यांतून कळतं. सातशे वर्षांपूर्वी सुटलेली धूळ ओळखता आली, तीही कुणीतरी थंडीत जागून आकडे लिहून ठेवले होते म्हणून.

रात्री शेवटची गाडी निघून गेली, की पहाटेची पहिली येईपर्यंत वांगणीहून परतायचं साधन नसतं. नेमक्या त्याच वेळात पृथ्वीच्या धावेची दिशा आपल्या डोक्याकडे चढत असते. चटईवर पाठ टेकवायची, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्यायची आणि पहिल्या नोंदीची वेळ लिहायची.